शिवेवरचा भाऊ

आई, परवा भाऊबीजेला तुझ्या भावाकडे जाऊन आले. तू गेल्याला वीसेक वर्षं झाली. तेवढ्या वर्षांत मी त्या चौथऱ्याकडे पाठ करूनच गावात आले-गेले, हे तुला तिथं कुणी सांगितलं नसेल तर मीच सांगते. एसटीतून उतरलं की ओढ्याच्या अलीकडे तो दिसतोच. कमरेएवढा उंच, चुना फासलेला, डोक्यावर शेंदूर आणि अंगावर हिरवी चादर, दोन्ही एकदमच, शेजारी कडुनिंब. मी रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं चालायचे. साठी ओलांडलेली, नगरच्या कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेली बाई एका दगडावर रुसून तोंड फिरवते, हे बघून तू पदर तोंडाला लावून हसली असतीस. पण रुसवा नव्हता तो. मला त्याचा मत्सर वाटायचा, आणि अजूनही वाटतो. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तुला माझ्या शहाणपणाचं कौतुक वाटायला नको.

तुला सगळं ठाऊक आहे, पण पहिल्यापासून मांडल्याशिवाय मला राहवत नाही, वर्गाची सवय. बाकी मुलखात ज्या बाईला भाऊ नसतो ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. आपल्या गावात चंद्राकडे कुणी बघत नाही. कधीकाळी दुष्काळात एक साधू, मोमीन आळीत म्हणतात फकीर, आपल्या बहिणीला शोधत आला म्हणे, आणि शिवेवर पोचला तेव्हा कळलं की ती आदल्याच दिवशी गेली. तो तिथंच बसला, पुन्हा उठलाच नाही. जाताना सांगून गेला की ज्या बाईला भाऊ नाही तिचा भाऊ मी. म्हणून भाऊ नसलेल्या बायका ताट घेऊन ओढ्यावर जातात. वर्षभर लोकांनी नवसाला वाहिलेले खण आपल्या घरी पत्र्याच्या पेटीत ठेवलेले असतात, त्यातला एकेक खण प्रत्येकीला त्या दिवशी परत मिळतो, ती भावाची चोळी. तू पुणतांब्याची, आईबापाला एकुलती. ते दोघं गेले, नदीकाठचं घर चुलत्यांकडे गेलं आणि तुझं माहेर संपलं. मग सासूनं तुला त्या चौथऱ्यापुढे आणून उभं केलं. तेव्हापासून तो तुझा भाऊ आणि आमचा मामा. पेटीही पुढे तुझ्याकडेच आली. सगळ्या बायकांना वाटून झालं की तळाशी उरलेला खण तू घ्यायचीस, मग तो कुठल्याही रंगाचा असो.

मी सात वर्षांची असेन. तू चुलीपुढे करंज्या तळत होतीस आणि पहिली करंजी वाटीत वेगळी काढून ठेवली होतीस. मी ती उचलून चावली. तू मला आयुष्यात एकदाच मारलंस ते तेव्हा. "मामाची हाय ती. उष्टी केलीस!" मी रडत विचारलं, मामा खातो का? तू झारा तसाच धरून म्हणालीस, "त्यो न्हाई खात, मागतबी न्हाई, म्हनून त्याचं आदी काढायचं. तुमी काय, वरडून मागताच की." मला ते पटलं नाही. मी ओरडून मागते म्हणून माझा नंबर दुसरा, हा कुठला न्याय? मॅट्रिक पास झाले तेव्हा दादानं पेढे आणले. मी दारात पुडा धरून उभी, आणि तू पायात चपला न घालता ओढ्याकडे पळालीस, त्याला सांगायला. परत येऊन मग माझ्या तोंडावरून हात फिरवलास. पहिल्या पगारात मी तुला जांभळी इरकल आणली. "लई भारी हाय, जपून नेसंन," म्हणालीस आणि ट्रंकेत ठेवलीस. त्यानं दिलेला बोटं आरपार दिसतील असा सुती खण मात्र आठवड्यात शिवून घेतलास आणि संक्रांतीला मिरवलास. मी वरवर छान दिसतो म्हटलं. मनात मात्र त्याला नाही नाही ते बोलले.

मग मला तो कागद सापडला. मोडी शिकलेच होते, दिवाळीच्या सुट्टीत शेजारच्या गावी जुन्या वतनदारांच्या घरचे रुमालात बांधलेले कागद चाळायला गेले होते. त्यात आपल्या आणि त्यांच्या गावाच्या शिवेच्या तंट्याचा निवाडा निघाला. एकमेकांची जनावरं ओढून नेण्यापर्यंत भांडण गेलं होतं. दोन्हीकडचे पंच ओढ्याच्या वळणावर जमले, शीव ठरली, आणि ती कुणी सरकवू नये म्हणून तिथं चुन्याचा चौथरा बांधावा असं लिहिलं होतं. त्याच्या पोटात कोळसा पुरावा, म्हणजे पुढेमागे कुणी वरचा दगड उपटला तरी खालची खूण राहील. साधू नाही, फकीर नाही, बहीण नाही, समाधी नाही. कोळसा! मी तीनदा वाचलं. खरं सांगते आई, त्या वेळी जो आनंद झाला तो अभ्यासकाचा नव्हता. एखाद्याची लबाडी वर्षानुवर्षं पाळत ठेवून पकडावी तसा झाला. सापडलास, असं मी त्या माडीवर एकटीच मोठ्यानं म्हणाले.

घरी आले तेव्हा तू बाजरीच्या भाकरी थापत होतीस. मी पाटावर बसून उतरवून आणलेला कागद तुला वाचून दाखवला, अवघड शब्दांचा अर्थ सांगत सांगत. तुझा हात थांबला नाही.

"मंग?" तू म्हणालीस.

"मग काय. तिथं कुणी नाही. कधीच कुणी नव्हतं."

तू भाकरी तव्यावर टाकलीस आणि वरून पाणी फिरवलंस. "त्या दोन गावांचं भांडान मिटलं का?"

"मिटलं असेल. त्यानंतरचा कागद नाही."

"मंग काई वाईट काम न्हाई केलं त्यानं."

"आई, 'त्यानं' नाही गं. ती खूण आहे. हद्दीची खूण."

"शिवंवरच आसतोय की भाऊ," तू म्हणालीस. "तू सासरी निघालीस तवा तुझा भाऊ कुठवर आल्ता?"

दादा ओढ्यापर्यंत आला होता. जीपच्या फाळक्याला हात लावून चालत, शेवटी जीपनं वेग घेतला तेव्हा हात सोडून तिथंच उभा राहिला होता, त्या चौथऱ्याला टेकून. मला ते आठवलं. तू विचारलंस, हे कुणाला सांगितलंस का? मी म्हटलं, अजून नाही, पण लिहिणार आहे. तेव्हा तू पहिल्यांदा माझ्याकडे वळलीस, पिठाचे हात तसेच. "लिही की. खरं हाय तर लिही, मी कोन न्हाई म्हननारी? पर येक ध्यानात ठिव. तुला भाऊ हाय, म्हनून तुला कागद सुचतोय."

मी लिहिलं नाही. एका कागदावर निष्कर्ष काढू नये असं मी स्वतःला सांगितलं. ते थोतांड होतं. यापेक्षा फुटकळ कागदांवर मी लेख लिहिले होते आणि त्यांचं कौतुकही झालं होतं. खरं कारण असं की मी त्याला पुराव्यानिशी खोटा पाडला आणि तुझ्या भाकरीचा आकारसुद्धा बिघडला नाही. आता गावभर ओरडून काय मिळणार होतं? मला फक्त एकाच माणसाला पटवायचं होतं, आणि तू तर माझा सगळा कागद मान्य करून वर त्यालाच जिंकवलंस. त्या दिवशी मी जेवले नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

तुझं दुखणं आम्हाला कळलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात फार काही उरलं नव्हतं. मी धावपळ केली, पुण्याला नेलं, सगळं केलं. तेरावा झाल्यावर वहिनी भांडी आवरता आवरता सहज बोलून गेली की आत्याबाईंनी हे आठ-नऊ महिने आधीच भावाला सांगितलं होतं. वहिनी ताट धरायला बरोबर गेली होती, तिला तू कडुनिंबाखाली लांब उभं केलंस, कपाळ टेकून बराच वेळ बोललीस आणि येताना वाटेत म्हणालीस, "माजं दुखनं सांगितलं भावाला. बरं वाटलं." नऊ महिने! त्या नऊ महिन्यांत मी दर रविवारी फोन करत होते आणि तू मला कांद्याची लागण आणि शेजारणीच्या सुनेचं बाळंतपण सांगत होतीस. वर्षानुवर्षं चुना खाऊन फुगलेल्या दगडाला माहीत, आणि मला नाही. तेव्हापासून मी रस्त्याची कड बदलली. मुक्कामाला गावाबाहेर जाताना त्याला 'येते रे' म्हणून जायची आपल्याकडची पद्धत, तीही सोडली. तसा माझा गावात मुक्काम तरी आता कुठं राहिला होता.

आई, दादा गेला. मागच्या वर्षी, उन्हाळी कांदा काढताना बांधावर बसला तो तिथंच कलंडला. हे तुला कळलंच असेल, तो आता तुझ्याकडेच असेल. नंतरच्या भाऊबीजेला मी नगरच्या फ्लॅटमध्ये सवयीनं ताट केलं. केलं आणि मग कळलं की ओवाळायला कुणी नाही. गॅलरीत गेले. द्वितीयेची कोर समोरच्या बिल्डिंगच्या टाकीमागे अडकली होती. निरांजन पेटवीपर्यंत मावळली, तरी मी त्या टाकीला ओवाळलं, नंतर स्वतःचं हसूही आलं आणि रडूही. पण पुढे कितीतरी दिवस एक गोष्ट डोक्यातून जाईना. चंद्राला भाऊ म्हणताना मला दाखला लागला नाही. तो आपल्या घरी कधी जन्मला, त्याची बहीण कोण, याचा एकही कागद मी मागितला नाही. तुझ्या भावाकडे मात्र मी खोदून कोळसा काढला. दोघंही दगडच ना? फरक एवढाच की चंद्रावर तुझं माझ्यापेक्षा जास्त प्रेम नव्हतं.

यंदा दसऱ्यानंतर देवस्थान समितीच्या अध्यक्षाचा फोन आला. माझाच जुना विद्यार्थी, आता पोट सुटलंय. "मॅडम, आपल्या बाबांना तीर्थक्षेत्राचा दर्जा मिळवायचाय. इतिहास लागतोय, पुराव्यासकट. काही जण नाथपंथी म्हनत्यात, काही पीर. तुमी येकदा ठरवून टाका, दोन पानं लिहून द्या, दगडावरच कोरू." एवढ्या वर्षांनी सगळा गाव मला स्वतःहून विचारत होता. कागद कपाटात होता, नक्कल, वाचन, सगळं टाचून. दुसऱ्या दिवशी वहिनीचा फोन. "वन्सं, भाऊबीजला या. पेटीत औंदा लई खण हायेत." एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला. पेटी आता तिच्याकडे आहे. तिला दोन सख्खे भाऊ आहेत, तिला ओवाळायचं काम नाही, तरी पेटी तू तिच्याच ताब्यात दिलीस, माझ्या नाही. त्याचाही मला राग होता, तो इथं लिहून ठेवते.

गेले. एसटीच्या पाटीवर अहिल्यानगर लिहिलेलं असतं आता, कंडक्टर नगर नगर असंच ओरडतो. पर्समध्ये कागद होता. ओढ्याजवळ बघते तर समितीनं वाट न बघता फ्लेक्स लावून टाकलेला, त्यावर दाढीवाला एक योगी, कुठल्याशा कॅलेंडरवरून उचललेला, डोक्यामागे तेजाचं वर्तुळ, खाली जागृत देवस्थान. माझं डोकंच फिरलं. तरातरा घरी गेले आणि वहिनीला म्हटलं, आज मी त्या पोराला कागद देणार आहे, पुरे झाला हा खोटेपणा. वहिनी पेटी उघडून खणांच्या घड्या मोजत बसली होती.

"शिवंच्या दगडाचा कागद म्हनता व्हय?" ती म्हणाली. "मला म्हाईत हाय त्यो. आत्याबाईंनी सांगितलं हुतं."

"तुला? कधी?"

"तुमी सुट्टीवरनं माघारी गेलात, त्याच्या दुसऱ्या दिशी. मला सांगितलं आन भावालाबी सांगितलं."

"भावाला म्हणजे?"

"त्यालाच की. मी ताट धरून हुते. म्हनल्या, भाऊ, माझी लेक लई शिकली. ती म्हनती तू दगड हायेस, तुझ्या पोटात कोळसा हाय. तू राग मानू नगं. ती खोटं बोलत न्हाई, तिचं खरंच आसंल."

मी पेटीपाशी बसले. मी विचारलं, आणखी काय म्हणाली? "फुडं मला लांब उभं केलं," वहिनी म्हणाली. "मंग लई येळ बोलत हुत्या. तुमचंच काहीतरी आसंल, येताना डोळे पुसत हुत्या आन हसतबी हुत्या."

आई, तू त्याच्याशी माझ्याबद्दल बोललीस. मला सांगता आलं असतं की ते.

तिसऱ्या प्रहरी ताट घेऊन ओढ्यावर गेले. पंधरा-वीस बायका होत्या. त्यात दोघी मोमीन आळीतल्या, एक अकोल्याकडून लग्न होऊन आलेली नवी पोर, जिचा भाऊ लहानपणीच धरणात गेला. कुणी फ्लेक्सकडे बघत नव्हतं. माझ्या पुढच्या बाईनं त्याला कुंकू लावलं आणि दम लागल्यासारखं भराभरा काही सांगितलं, नवऱ्याचं, दुधाच्या डेअरीचं, थोरल्याच्या लग्नाचं. बोलून झाल्यावर तिचा चेहरा डोक्यावरचं ओझं खाली ठेवल्यासारखा झाला. मी आयुष्यभर मुलांना सांगितलं की पुरावा नसेल तर बोलू नका. आजही तेच सांगेन. उद्या त्या चौथऱ्याच्या नावावर कुणी कुणाची जमीन मागितली, मोमीन आळीतल्या बायकांना रांगेतून उठवलं, तर हा कागद घेऊन मीच पहिली उभी राहीन, आणि त्या योग्याची दाढी ओढून काढीन. पण त्या रांगेत ज्या बायका होत्या त्यांतली एकही मला तो कधी होऊन गेला हे विचारत नव्हती. त्यांना तो आत्ता तिथं हवा होता. तेवढ्यापुरतं माझ्या कागदाला काही काम नव्हतं, आणि याचंही मला थोडं वाईट वाटलं.

परत येताना अध्यक्ष गाठ पडला. "मॅडम, पानं?" मी पर्स उघडली, कागद चाचपला आणि त्याच्याच डायरीत एक ओळ लिहून दिली. भाऊ नसलेल्या सर्व जातिधर्मांच्या बायका फार पूर्वीपासून या ठिकाणी भाऊबीज करतात. त्यानं दोनदा वाचली. "एवढंच, मॅडम? ह्यात बाबा कुठं हायेत?" मी म्हटलं, पुराव्यासकट मला एवढंच सांगता येतं. शिवेचा एक कागद आहे, बघायचा असेल तर घरी ये, लपवणार नाही. तो हो म्हणाला. येणार नाही तो, त्याला योगी मिळालाय. पण मी सांगितल्याशिवाय राहिले असते तर ते लपवणं झालं असतं.

खण मला हिरवा मिळाला, मोरपिशी काठाचा, सुतीच. वहिनीनं पेटीच्या तळातून तुझी जांभळी इरकलही काढून दिली. घडीवर कोरी राहिलेली, तू तिथं खणांच्याच खाली ठेवली होतीस, मला वाटत होतं ट्रंकेत पडली असेल. खण काल शिवायला टाकला. त्या साडीवर शोभतो की नाही ते चोळी आल्यावर बघेन. हे पत्र त्या साडीच्या घडीत राहील, दुसरीकडे कुठं पाठवू?

एक मात्र मघाशी गाळलं. माझा नंबर आला तेव्हा मी सगळं रीतसर केलं, कुंकू, अक्षता, सुपारी, निरांजन. मग सगळ्या जणी वाकून काहीतरी बोलतात तशी वाकले. चुना कपाळाला थंड लागला. दुसरं काही सुचलं नाही, मी त्याला विचारलं, ती माझ्याबद्दल पुढे काय म्हणाली? त्याच्या पोटात कोळसा आहे हे त्या गावात माझ्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नाही. तरी मी तशीच वाकून राहिले. मागच्या बाईनं हलकेच पाठीला हात लावला, म्हणाली, "ताई, झालं का बोलून?" आणि मी म्हटलं, थांब जरा, त्यानं अजून सांगितलं नाही.